दारापर्यंत आलेली बहीण

शिंप्याच्या दुकानात ती तीस वर्षं काजं करत होती. कोटाची, सदऱ्याची, सगळी हाताने. सगळे तिला काजाबाईच म्हणत; खरं नाव मालकालाही आठवावं लागे. चर्चमधली रविवारची उपासना तिने कधी चुकवली नाही. मात्र प्रार्थनेत घरच्यांची नावं घेताना थोरल्या बहिणीचं नाव ती गिळून टाकी.

त्याला कारण होतं. आई मागच्या खोलीत दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. काजाबाईने लग्नाचा विचार सोडला, आईचं हगणं-मुतणं काढलं, भिंतीपलीकडचा तो खोकला ऐकत दिवस ढकलले. ताईला तीन निरोप धाडले. ताई आली नाही. मातीलाही आली नाही.

सात वर्षांनी भाचा ताईला घेऊन दारात उभा राहिला. "मावशी, आई विसरायला लागलीय. गॅस उघडा ठेवते. मी दिवसभर कामावर. तूच सांग, काय करू?"

"ठेव इथे," काजाबाई म्हणाली. मायेपोटी नाही, लोक काय म्हणतील म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेत ताईने विचारलं, "आई उठली का गं?"

"आई गेली, ताई. सात वर्षं झाली. तू आली नाहीस."

ताईला ते नवीनच होतं. ती दिवसभर रडली. काजाबाईला आत कुठेतरी बरं वाटलं. पुढच्या सकाळी तोच प्रश्न, तेच उत्तर, तेच रडणं. तिसऱ्या सकाळी ताई कधी विचारते याची काजाबाई वाटच बघत बसली होती. ते लक्षात आलं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.

ती चर्चच्या म्हाताऱ्या पाळकांकडे गेली आणि सगळं सांगितलं. "खोटं बोलू का मग?"

"आपल्यात माणूस गेलं की काय म्हणतात?"

"प्रभूत झोपी गेलं म्हणतात."

"मग झोपलीय म्हण. एवढ्यासाठी चपला झिजवत आलीस?"

पुढच्या सकाळी ती म्हणाली, "आई झोपलीय, ताई."

"अगं मग हळू बोल की!"

त्या दिवसापासून ताई घरात चवड्यांवर चालू लागली. दोघी कुजबुजत बोलत, भांडं अलगद ठेवत. कुजबुजता कुजबुजता घरात खरंच कोणीतरी झोपलंय असं वाटायला लागलं. दिवेलागणीला ताई मध्येच बोट वर करी. "ऐकलंस? खोकतेय." काजाबाईला काही ऐकू येत नसे. मग एक दिवस तिची सुई काजात अर्धवट थांबली. तिलाही ऐकू आलं होतं. उठून पाहिलं, तर रिकामी खाट.

एका रविवारी उपासनेनंतर ताईची नजर अचानक स्वच्छ झाली.

"मी आले होते गं. आई असताना."

"कुठे?"

"इथेच. दारापर्यंत. कडीला हात लावला आणि आतून तो खोकला आला. पाय उचलेनात. तशीच परत गेले."

काजाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. न येणं एकवेळ परवडलं. दारात येऊन परत जायचं? आपण आत एकट्याने मरत होतो, आणि ही बाहेर! ती उठली, बाहेर पडली, दार ओढून घेतलं. भाच्याला निरोप पाठवायचा, घेऊन जा म्हणायचं, बस्स.

तेवढ्यात आतून खोकला आला. ताईला ठसका लागला होता. पण आवाज हुबेहूब आईचा. काजाबाईने कडीवर हात ठेवला आणि तिचे पाय जमिनीला चिकटले. आत जायचं होतं, जाता येत नव्हतं. असंच झालं असेल का हिला?

क्षमाबिमा तिच्या मनात आली नाही. ती एवढंच म्हणाली, "प्रभू, मला ढकल." आणि आत गेली.

ताई भिंतीला टेकून अजून खोकत होती. "बाहेर कोण होतं?"

"मीच."

"मग आत यायला एवढा वेळ?"

"लागतो कधी कधी," काजाबाई म्हणाली, आणि तिची पाठ चोळू लागली.

त्या रात्रीच्या प्रार्थनेत तिने ताईचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी राग पुन्हा उभा राहिला, पुन्हा घेतलं. एकदा घेऊन भागत नाही, हे तिला कळून चुकलं.

ताई पुढे दीड वर्ष जगली. शेवटी शेवटी ती काजाबाईलाच आई म्हणू लागली. ऐकताना अंगावर काटा येई. पण ती ओ देई. एका दुपारी पेज भरवताना ताईने विचारलं, "आई, धाकटी माझ्यावर रागावलीय का गं?"

काजाबाईने पुढचा चमचा भरला.

"रागावली होती. अजून थोडी आहे. पण तुझी पेज तिनेच केलीय."

ताईने जरा विचार केला आणि आ केला.