किसनभाऊंचं कमिशन

लोणावळ्यात पाहुण्यांना रिक्षातून पॉइंट दाखवणारे पुष्कळ आहेत. पण चिक्कीच्या दुकानासमोर रिक्षा थांबवून गिऱ्हाईक उतरायच्या आत स्वतःचंच बिंग फोडणारा माणूस मी एकच पाहिला. किसनभाऊ मागे वळायचे आणि म्हणायचे, "ह्या दुकानात मला कमिशन हाय बरं का. भाव तुमाला तोच पडंल, पन ठाऊक असलेलं बरं. नको असंल तर शेजारचा बी चांगला हाय." माझ्या आत्याला हे ऐकून इतकं हसू आलं, की तिने दोन्ही दुकानांतून चिक्की घेतली. त्यावरही भाऊ कुरकुरले, "येवढी कशाला घेतली वो आत्याबाई? दात तरी हायेत का तेवढे?"

भाऊ काही संत नव्हते. स्टँडवर रांग मोडणाऱ्याशी त्यांचं भांडण ठरलेलं. त्यांचा जन्म तिकोणा गडाच्या पायथ्याशी असलेल्या तिकोणा पेठेतला, लहानपणी गडावर गुरं राखलेली. त्या दिवसांच्या गोष्टी ते पाहुण्यांना सांगत, आणि गोष्टीतला बिबट्या दर फेरीला हातभर वाढायचा. मी हटकलं तर म्हणायचे, "तुमी व्हता का तितं?"

मावळातल्या गोष्टी फोनवर ऐकवणारं एक छोटं ॲप मी केलं होतं. भाऊंच्या गोष्टी त्यात घ्यायच्या हे बरेच दिवस मनात होतं, पण चालढकल होत राहिली. मग त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, तेव्हा आमची धावपळ सुरू झाली. खुर्चीवर बसवलं की भाऊंना एक गोष्ट धड सांगता येईना. शेवटी सगळं रेकॉर्डिंग उभ्या रिक्षात केलं. हँडल हातात आलं की त्यांची जीभ सुटायची.

पैशांचं मी त्यांना आधीच समजावलं होतं. फोनवरच्या ॲप स्टोअरमधून कुणी गोष्टी विकत घेतल्या की स्टोअर आपलं कमिशन कापून घेतं. म्हणून तिथे मी किंमत वाढवून ठेवली होती आणि आमच्या वेबसाइटवर कमी.

"कापू द्या की," भाऊ म्हणाले. "दुकान त्येंचं, गर्दी त्येंची. मी न्हाई व्हय घेत? पन माझ्यापायी गिऱ्हाइकाला कदी जादा पडलं न्हाई. हितं तर त्येच्याच खिशातनं चाललंय. निदान त्येला सांगा तरी!"

आणि त्यांनी स्वतःच पहिल्या गोष्टीच्या सुरुवातीला सांगून टाकलं, "मंडळी, हितं ह्येला जादा पैसं पडत्यात. येबसाइटवर स्वस्तात हाय. आता ऐका." मला ते इतकं आवडलं की ती वाक्यं मी ॲपच्या पडद्यावरही छापली.

ऑपरेशन झालं. भाऊंचा आवाज गेला. आणि त्याच आठवड्यात स्टोअरने आमच्या गोष्टी नाकारल्या. बाहेर स्वस्त मिळतं असं ॲपमध्ये सांगायचं नाही, असा त्यांचा नियम. माझं डोकंच फिरलं. शिवी नाही, चोरी नाही. गिऱ्हाइकाला खरा भाव सांगितला म्हणून नकार!

भुशीला त्यांच्या घरी गेलो. भाऊंच्या ओठांवरून त्यांची बायको, मंदामावशी, सगळं ओळखायची. मी सांगितलं, एक तर ती वाक्यं काढायची, नाहीतर गोष्टी नुसत्या वेबसाइटवर ठेवायच्या. आमच्या वेबसाइटकडे कुणी फिरकत नव्हतं, हेही सांगितलं. भाऊंचे ओठ हलले.

"काढा म्हणत्यात," मावशी म्हणाली. "पन मग भाव दोनीकडं येकच ठेवा. कमी हाय त्योच."

"भाऊ, मग तुमच्या वाट्याला काय उरणार?"

या वेळी मावशी त्यांच्या ओठांसाठी थांबली नाही. "औषदं काय फुकट येत्यात?" ती त्यांच्यावरच खेकसली. भाऊंनी तिच्यापुढे हात जोडले. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "ठेवा येकच. लय हट्टी मानूस." कमिशन सगळं माझ्या वाट्यातून जाऊ दे, असं मी म्हटलं, तर भाऊंनी बोट नाचवून नाही म्हटलं. निम्मं त्यांच्या वाट्यातून, निम्मं माझ्या, असंच ठरलं.

गोष्टी आल्या आणि लोकांनी ऐकल्याही. एक दिवस सांगलीकडचं एक जोडपं स्टँडवर भाऊंची चौकशी करू लागलं. मी त्यांना भाऊंच्या घरी घेऊन गेलो. त्या गृहस्थांनी कौतुकाने भाऊंच्या गोष्टी उघडून फोन पुढे केला. भाऊंनी तो हातात घेतला, पडद्यावर बोट ठेवलं आणि अंगठा बोटांवर घासून विचारलं, किती घेतले?

गृहस्थ गोंधळले. मग त्यांनी आकडा सांगितला. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

"वेबसाइटवरही तेवढेच आहेत, भाऊ," मी म्हणालो.

तेव्हा कुठे त्यांनी फोन परत दिला आणि खाटेवर सरकून पाहुण्यांना जागा करून दिली. फोनवर गोष्ट सुरू झाली. भाऊंचा तो जुना खणखणीत आवाज खोलीत आला, आणि खाटेवर बसलेले भाऊ त्याच्याबरोबर ओठ हलवू लागले. मावशी चहाचं निमित्त करून आत गेली. मला तेवढंही निमित्त नव्हतं.