जवळचं हॉस्पिटल

ती गाडी चालवायला शिकवायची. तिच्या छोट्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक आणि एक क्लच होता. शिकणाऱ्याचे हातपाय गळाले की तिचा पाय कामाला यायचा, म्हणून सगळे तिला ब्रेकबाई म्हणायचे. तिला त्याचं वाईट वाटत नसे. नवा कुणी आला की तीच सांगायची, "घाबरू नका हो. तुम्ही कुणाला धडक दिलीत तरी पाप माझ्या पायाला."

नवरा सैन्यात होता, फार लांबच्या ठाण्यावर. फोन लागला तर लागला, नाहीतर वाट बघा. घरात ती, सासू आणि सासरे. सासऱ्यांनीही उभी हयात सैन्याचे ट्रक हाकले होते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, इथे एका घरात दोन ड्रायव्हर राहत होते. सुनेच्या गाडीत सासरे कधी बसले नाहीत. "माझा ब्रेक दुसऱ्याच्या पायाखाली? गाडी आहे की पाळणा?" असं म्हणायचे. सासू हसून म्हणायची, "मला बाई पाळणाच बरा." सुनेच्या गाडीतून ती खुशाल बाजारात जाऊन यायची.

त्या दिवशी दुपारची जेवणं झाली आणि भांडी विसळता विसळता सासू ओट्याला धरून खाली बसली.

"काय झालं, आई?"

"काही नाही गं. छातीखाली आवळल्यासारखं होतंय. जेवण वर आलं असेल."

सुनेने तिचा हात हातात घेतला तर तो बर्फासारखा गार. कपाळावर घाम डवरलेला. दुखणं पाठीत शिरलं होतं, उजव्या खांद्यापर्यंत चढत होतं. सासूला एकदा उलटी झाली आणि मग तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाबा, गाडी काढते. आईंना न्यायला हवं."

सासरे आत जाऊन शर्ट बदलून आले. वरच्या खिशात विम्याचं कार्ड. मुलगा सैन्यात म्हणून आईवडिलांनाही त्या विम्याचं संरक्षण होतं, आणि ते कार्ड सासरे देवासारखं जपत. दोघांनी मिळून सासूला मागच्या सीटवर आडवं केलं. सून दार लावून वळते तो सासरे स्टिअरिंगसमोर बसलेले.

"बाबा, मी चालवते ना."

"मिलिटरी हॉस्पिटलचा रस्ता मला डोळे मिटून येतो. बस तू."

वाद घालायला वेळ नव्हता. ती शेजारी बसली. पाय सवयीने ब्रेकवर गेला.

मिलिटरी हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला. सासरे गाडी चालवत होते ती ताफ्यात चालवल्यासारखी, पुढच्या गाडीपासून ठरावीक अंतर राखून, हिरवा दिवा पिवळा होतोय असं दिसताच थांबून. सून मागे वळून सासूचा हात धरून बसली होती. हात अजून गारच.

"बाबा, पुलापलीकडे मोठं हॉस्पिटल आहे. तिथेच नेऊ."

"ते बाहेरचं. परवानगीशिवाय बाहेरच्या दवाखान्यात गेलं तर विमा हात वर करतो."

"पण इमर्जन्सी असली तर—"

"तुला नियम माहीत आहे?"

तिला नक्की माहीत नव्हतं. सैनिकांच्या कुटुंबांची बैठक झाली तेव्हा कुणी अधिकारी बोलला होता खरा, जिवावर बेतलं तर जवळचं हॉस्पिटल गाठा, कळवा नंतर. पण तेव्हा शेजारची बाई तिच्या कानात गाडी शिकायची फी विचारत होती. अर्धं ऐकलं, अर्धं सुटलं. सासऱ्यांना मात्र आपला नियम पाठ होता, आणि पाठ असलेल्या माणसापुढे अर्धवट ऐकलेल्याचं काय चालणार?

पुढे गाड्यांची रांग लागली. मुंगीच्या पावलाने सगळं सरकत होतं.

"आई, दुखतंय का अजून?"

सुनेने धरलेला हात हलवून पाहिला.

"आई?"

सासूचे डोळे अर्धे मिटलेले. ओठ हलले, शब्द फुटला नाही. पुलाच्या पलीकडे हॉस्पिटलचं फाटक दिसत होतं, रुग्णवाहिका आत वळत होती. सासरे समोर बघत सरळ निघाले. फाटक जवळ आलं, बाजूला आलं.

सुनेने ब्रेक दाबला.

क्लच दाबायचं भान राहिलं नाही. गाडी आचका देऊन बंद पडली. ज्या चुकीसाठी ती शिकणाऱ्यांना फैलावर घ्यायची, तीच चूक. मागून हॉर्नचा गदारोळ उठला. सासरे लालबुंद होऊन तिच्याकडे वळले.

"पाय काढ."

"नाही काढणार."

आजवर ती त्यांच्यासमोर असं बोलली नव्हती. पाय ब्रेकवर घट्ट.

"बाबा, मला ओरडा, मारा, घरातून काढा. पण आधी मागे बघा."

सासऱ्यांनी आरशात पाहिलं. आरशात काय दिसलं ते त्यांनी पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. त्यांनी किल्ली फिरवली. सुनेने पाय उचलला. गाडी फाटकातून आत वळली ती सासऱ्यांच्या हातानेच.

आत कुणी कार्ड विचारलं नाही. स्ट्रेचर आलं, सासूला पडद्याआड नेलं, छातीला तारा लावल्या. नोंदणीच्या खिडकीतल्या मुलीने नंतर हाक मारली. "विमा आहे? कार्ड द्या." सासऱ्यांनी खिशावर हात ठेवला, पण कार्ड काढलं नाही.

"हे इथे चालत नाही," ते म्हणाले.

"तुम्ही द्या तर खरं, आजोबा. बघून सांगते."

सुनेने हात पुढे केला. सासऱ्यांनी तिच्याकडे न बघता कार्ड तिच्या तळहातावर ठेवलं आणि भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसले, पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर.

सुनेने नवऱ्याला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. नाहीच.

तरुण डॉक्टरीण बाहेर आली. "कार्डिओग्राम चांगला आहे. रक्ताची तपासणी पुन्हा एकदा करू, पण हृदयाचं वाटत नाही. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसतायत. त्याची कळ अशीच उठते, माणूस गळून जातं. बोलता येईना म्हणून मात्र तुम्ही घाबरलात ते साहजिक आहे. रक्तदाब खूप उतरला होता."

सुनेच्या छातीवरचं ओझं उतरलं. सासऱ्यांनी डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला. मग तेच डोळे उघडून म्हणाले, "म्हणजे हार्ट अटॅक नव्हता."

"नव्हता, देवाची कृपा."

"मग इमर्जन्सी कसली? आता विमा काय म्हणेल? खड्यांसाठी भर रस्त्यात गाडी उभी केलीस."

तिचा चेहरा उतरला. आनंद करायचा की घाबरायचं तेच कळेना. आत गेली तर सासू सलाइन लावून पडलेली, जरा रंग आलेला. सुनेला जवळ बोलावून म्हणाली, "मला मेलीला लाज वाटते गं. एवढा गोंधळ घातला आणि निघालं काय, तर खडे. जरा मोठं काहीतरी निघायला हवं होतं."

"काहीतरीच काय बोलता, आई!" सुनेला हसू आलं आणि हसता हसता रडू.

ती बाहेर आली आणि कार्डाच्या मागच्या हेल्पलाइनला फोन लावला. बराच वेळ संगीत वाजत राहिलं. शेवटी एक बाई बोलली. सुनेने सगळं सांगितलं, परवानगी न घेता बाहेरच्या हॉस्पिटलात आणल्याचंही, आणि शेवटी म्हणाली, "पण हृदयाचं काही निघालं नाही."

"निदान नंतरची गोष्ट," बाई म्हणाली. "घरातून निघताना तुम्हाला काय दिसलं ते सांगा."

"घाम. हात गार पडलेले. छातीपासून पाठीत दुखत होतं. रस्त्यात हाकेला ओ देईनात."

"मग तुम्हाला काय वाटलं?"

"वाटलं, जातात आता."

"मग बरोबर केलंत. असं दिसल्यावर कुठलाही शहाणा माणूस जवळच्याच हॉस्पिटलात नेईल. इमर्जन्सीला आधी परवानगी लागत नाही, फक्त लवकर कळवावं लागतं. ते तुम्ही आता कळवलंत. अंतिम मंजुरी कागद बघून होईल. ऑपरेशन मात्र ठरवून करायचं असेल तर आधी विचारा, किंवा मिलिटरी हॉस्पिटलात करा."

सुनेने हे सासऱ्यांना शब्दाला शब्द सांगितलं. ते हूं म्हणाले. "अंतिम मंजुरी" एवढंच त्यांनी ऐकलं असावं.

मंजुरीला दिवस लागले. त्या दिवसांत सासरे सुनेशी कामापुरतं बोलले. ताटं वाढली की जेवायचे, उठायचे. टपाल आलं की आधी दाराशी जायचे आणि रिकाम्या हाताने परतायचे. नवऱ्याचा फोन आला तेव्हा तो आईची चौकशी करून बायकोला म्हणाला, "बाबा रागावलेत का?" ती म्हणाली, "ठाऊक नाही रे. रागावले असते तर बोलले तरी असते." रात्री तिला वाटायचं, विम्याने नाही म्हटलं तर या घरात मी तोंड कसं दाखवू? आणि मग सासूचे ते अर्धे मिटलेले डोळे आठवायचे, आणि पुन्हा तसंच झालं तर आपण तेच करू, हेही कळायचं.

शेवटी विम्याचं पत्र आलं. खर्च मंजूर. सासऱ्यांनी चष्मा लावून ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि सासूला म्हणाले, "दिलंय त्यांनी."

सासूचं ऑपरेशन मिलिटरी हॉस्पिटलात रीतसर झालं. ती बरी होऊन घरी आली, पथ्यावर कुरकुर करू लागली, आणि घर पुन्हा घरासारखं झालं.

त्यानंतरच्या आठवड्यात सून शिकवणीला निघाली होती. जिन्याखाली सासरे उभे होते आणि खालच्या मजल्यावरच्या तरुण सैनिकाच्या बायकोला बजावत होते. तिच्या कडेवर तापाने मलूल झालेलं पोर.

"ताप आहे तर आधी आपलं हॉस्पिटल, बाहेर जायचं तर परवानगी घेऊन. पण श्वास घेता येत नाही, हाकेला ओ देत नाही, असं काही झालं तर विचार करत बसायचं नाही. जे जवळ असेल तिथे शिरायचं. नंतर फोन करायचा. नियमच आहे तसा." आवाज असा, जणू नियम यांनीच लिहिला.

सुनेला पाहून ते थबकले. मग त्या मुलीला म्हणाले, "गाडी नसली तर हिला हाक मार. रस्ते हिला माहीत आहेत."

सुनेने पोराच्या कपाळाला हात लावून पाहिला, आणि मुलीला म्हणाली, "चल, मी सोडते. माझा शिकणारा थांबेल थोडा."