खळ्यावर उभे राहणारे नामदेवराव

नामदेवराव गेल्याचा निरोप अकोल्यात आला, तेव्हा आमच्या वसतिगृहाच्या समितीची बैठक चालू होती. विषय नेहमीचाच, यंदा मुलांसाठी ज्वारी मागायला खळ्यांवर कधी निघायचं... आता जायचं कोणी, हा प्रश्न प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसत होता.

देणगी मिळवायला हसतमुख, गोड बोलणारा माणूस लागतो, अशी आमची पक्की समजूत होती. तसा मी होतो. मी गेलो की लोक खाट टाकत, चहा पाजत, पुढं पाहू म्हणत आणि मी हात हलवत परत येई. नामदेवरावही आमच्या समितीतले, गावच्या शाळेत मास्तर, पण तोंडाला कायम कुलूप. हा माणूस काय मागणार? त्यात त्यांच्या वडिलांचा जन्म बलुत्यासाठी खळ्याच्या कडेला उपरणं पसरण्यात गेला होता. छप्पन साली धर्म बदलला, गावकी सुटली, आणि पुन्हा कुणाच्या खळ्यावर पाय ठेवायचा नाही, असं नामदेवरावांनी ठरवून टाकलं होतं.

पण एका वर्षी वसतिगृहाची धान्याची कोठी रिकामी झाली. मुलं वळकट्या बांधून गावाकडं निघाली, तेव्हा ते उठले. मी सोबत होतो. पाटलानं राशीवरून विचारलं, "काहून आला मास्तर? बलुतं तं सोडलं ना तुमी?"

"सोडलं. पोरांसाठी मागून राहिलो. द्याचं नसन तं नाही मना."

आणि ते ताठ उभे राहिले. पाटलाला नाही म्हणवेना. त्यानं पोतं भरून दिलं. तोंडावर नाही म्हणणं माणसाला फार जड जातं. मी लोकांना त्यातून अलगद सोडवत असे, नामदेवराव सोडवत नसत. दरवर्षी मग तेच जात आणि आम्ही त्यांच्या ताठ कण्याचं कौतुक करत बसू.

दुखवट्याला आम्ही त्यांच्या गावी गेलो. त्यांचा मुलगाही मास्तर झालाय. निघताना समितीतल्या एकानं विषय काढलाच, की वडिलांचं काम आता त्यानं पुढं न्यावं.

वहिनी माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "भाऊजी, ते खळ्यावरून आले का त्या रात्री जेवत नव्हते. मनत, आज पुन्हा माहा बाप तिथं उभा होता... माह्या पोराले नका नेऊ."

कोठीत गेल्या हंगामाची, त्यांनी आणलेली ज्वारी अजून थोडी आहे. मुलं पोटभर जेवतात. माझ्या घशाखाली मात्र ती भाकरी उतरत नाही.