धाकटीनं बसवलेलं ढेकूळ

धाकट्या बहिणीकडे चार दिवस राहायला गेले, तर ती मला पोलोचा सामना बघायला घेऊन गेली. तिचा नवरा खेळणारा, त्यामुळे पुढच्या रांगेतल्या खुर्च्या आमच्या. येणारेजाणारे थांबून तिची चौकशी करत आणि माझ्याकडे बघून नुसतं हसत. घोड्यांपेक्षा मला तेच जास्त दिसत होतं.

मध्यंतरात एकदम सगळी माणसं मैदानात उतरली. टापांनी उखडलेली गवताची ढेकळं प्रेक्षकांनी पायानं दाबून पुन्हा जागेवर बसवायची, अशी तिथली रीत आहे म्हणे. मीही उत्साहानं गेले आणि माझ्या नव्या सँडलच्या टाचा हिरवळीत खचाखच रुतल्या.

"अगं ताई, खड्डे बुजवायला आलीस की पाडायला?" ती हसत म्हणाली. तिच्या पायात सपाट चपला होत्या. घरून निघताना मात्र माझ्या सँडलला "छान दिसतात" म्हणाली होती.

तिनं एक मोठं ढेकूळ इतकं सहज दाबलं, की तिथं कधी काही उखडलंच नव्हतं असं वाटावं. काहींच्या पायाखाली सगळं असंच बसतं. तिच्या तर लहानपणापासून बसत आलंय. माझ्या मनातलं कितीही दाबलं, तरी एका कडेनं वर येतंच.

खेळ पुन्हा सुरू झाला. मी चेंडू सोडून त्या जागेवरच डोळा ठेवला. एक घोडा भरधाव आला आणि तिचं ढेकूळ हवेत उडालं. मी उठून टाळ्या वाजवल्या.

"बघ, कळायला लागला ना खेळ!" धाकटी कौतुकानं म्हणाली.