शुक्रवारच्या क्रिकेटचे दोन मालक

दुबईत शुक्रवारी सकाळी क्रिकेट खेळलेल्या कुठल्याही मराठी माणसाला एक चहा पाजा, किस्से संपायचे नाहीत. त्यात मी अंपायर! बारा वर्षं उन्हात उभा राहून दोन्ही बाजूंचं ऐकलं. सगळेच किस्से हसण्यासारखे नाहीत, हे आधीच सांगतो.

*

आमच्या लीगमध्ये प्रत्येक टीमला एक मालक असे. कर्णिकसाहेबांची कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी होती आणि मी त्यांच्याच व्हिसावर नोकरीला. दुसरे मालक नाईक. ते कर्णिकसाहेबांच्या साइट्सना एसीचे डक्ट पुरवायचे. दोघंही स्वतः खेळायचे. एकदा कर्णिकसाहेबांचा अगदी सोपा कॅच नाईकांच्या हातात आला आणि पडला. टीम भडकली.

नाईक हात झटकत म्हणाले, "अरे, रविवारी टेंडर उघडतंय माझं!"

*

अंपायर मालकांना सांभाळून घेतात अशा तक्रारी वाढल्या, म्हणून मीटिंग झाली. तीही जुमेरा लेक टॉवर्समधल्या कर्णिकसाहेबांच्याच ऑफिसात. ठराव असा, की मालकाशी ज्याचा धंद्याचा, नोकरीचा किंवा नात्याचा संबंध आहे, त्याने त्या मालकाच्या मॅचला अंपायर व्हायचं नाही. टाळ्या पडल्या! मग अंपायर मोजले. एक कर्णिकसाहेबांचा अकाउंटंट, एक नाईकांचा मेहुणा आणि तिसरा मी.

समोसे यायच्या आत ठराव खलास.

*

सुधीर पवार कर्णिकसाहेबांकडे साइट इंजिनियर, पण बोलिंग टाकायचा नाईकांकडून. नाईकांनी त्याला बुटांच्या एका जोडीवर फोडला होता. "चारशे दिरहॅमचे बूट, म्हणजे जवळजवळ पाच हजार रुपये!" असं ते भेटेल त्याला सांगत. सुधीरला म्हणत, "कर्णिकांचा कंटाळा आला की फक्त फोन कर. यल्ला, दुसऱ्या दिवशी माझ्याकडे!"

सुधीरने ते खरं मानलं. सव्वीस वर्षांचं पोर, मानणारच.

*

२००८ सरता सरता साइट्स बंद पडायला लागल्या. कर्णिकसाहेबांनी कपातीची पहिली यादी काढली, तीत सुधीर होता. महिनाभरात दुसरी नोकरी मिळाली नाही तर देश सोडायचा. लग्नाला सहा महिने झालेले, बायको नुकतीच आलेली. तो थेट नाईकांकडे गेला.

नाईकांनी त्याला चहा दिला आणि म्हणाले, "हे बघ, कर्णिकांनी काढलेला माणूस मी घेत नाही, मी काढलेला ते घेत नाहीत. आमचं तसं ठरलंय."

मैदानावर एकमेकांचे बॉलर फोडणारी माणसं ही! मला तेव्हा राग आला होता, अजूनही येतो.

*

सुधीरच्या शेवटच्या शुक्रवारी नेमकी याच दोन टीमची मॅच होती. ऑफिसात दुसरी यादी तयार होत होती, हे सगळ्यांना माहीत होतं. कर्णिकसाहेब ओपनिंगला आले. सुधीरचा पहिलाच बॉल खाली राहिला आणि मधल्या स्टंपसमोर थेट त्यांच्या पॅडवर आदळला. अख्खी टीम ओरडली. स्लिपमध्ये नाईक तेवढे गप्प. कर्णिकसाहेब माझ्याकडे बघत होते.

मी मान हलवली. "नॉट आउट."

ओव्हर संपल्यावर सुधीर माझ्याकडे ठेवलेली टोपी घ्यायला आला. मी खाली बघत होतो.

तो हळूच म्हणाला, "बरं केलंत, दादा. मुलगी दहावीला आहे ना तुमची?"