सहीच्या जागेवरचा हात

सुशीला मेश्राम बाईंनी मला मदत केली. हे आधी लिहितो, काय घडलं ते मागाहून. घडलेलं सांगता सांगता मी घाबरतो, भलतीकडेच भरकटतो आणि ज्या माणसामुळे निभावलं त्याचंच नाव राहून जातं. तसं व्हायला नको.

बाई आमच्या कारखान्याच्या पर्सोनेल ऑफिसात होत्या. जबलपूरच्या रिछाईत लोखंडी कपाटं बनवण्याचा हा कारखाना, मी तिथे फिटर. बाईंचा ठेंगणा बांधा, जाड काचांचा चष्मा, टेबलावर स्टीलच्या डब्यात सुपारी. त्यांची एक सवय सगळ्या कारखान्याला ठाऊक होती. कोणी कागदावर सही करायला वाकला, की बाई आपला डावा तळहात सहीच्या जागेवर पालथा ठेवत. "पहिले सांग, काय लिहिलं आहे यात. तुह्या शब्दात सांग." सांगता आलं, की हात उचलला जाई. नाही आलं, तर बाई कागद पुन्हा वाचून दाखवत. मागे रांग कितीही असो.

मी नोकरीला लागलो त्या दिवशी तो हात पहिल्यांदा पाहिला. सातवीत शाळा सोडलेला मी, यवतमाळकडच्या गावातून आलेलो. हिंदी तोडकीमोडकी, इंग्रजी शून्य. ज्याला कागद कळत नाही तो सही फार झटकन करतो. बघणाऱ्याला वाटतं, वाचून झालं. मीही तसाच झपकन वाकलो आणि पेनाचं टोक बाईंच्या बोटावर टेकलं.

"काहून एवढी घाई? गाडी सुटून राहिली का तुही?"

मराठी कानावर पडली आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. बाईंनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून सुपारीचा डबा पुढे सरकवला.

ही सवय त्यांना कुठून लागली, ते पुढे त्यांनीच सांगितलं. फार वर्षांपूर्वी त्यांनी धुर्वे नावाच्या एका वेल्डरचा बचतीचा फॉर्म स्वतःच भरून टाकला होता. साधा माणूस, म्हातारपणी कामी येईल, असं मनात धरून. त्या महिन्यात धुर्व्याला घराच्या छपरावरचे कवेलू बदलायचे होते आणि पगार कमी हातात आला. तो ओरडला नाही. खिडकीशी उभा राहून एवढंच म्हणाला, "दीदी, अच्छा ही सोचा होगा आपने. पर एक बार पूछ तो लेतीं."

"त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी विसरून गेली असती," बाई म्हणायच्या. "हे नाही विसरता येत."

आता जे घडलं ते. एका वर्षी हेड ऑफिसनं नवा हिरवा फॉर्म काढला. त्यात दोन चौकोन, आणि दोन्हींत टिक आधीच छापलेली. पहिला चौकोन पेन्शनचा: दरवर्षीच्या पगारवाढीतला अर्धा भाग आपोआप म्हातारपणासाठी बाजूला पडणार. दुसरा मेडिकल पॉलिसीचा, आणि त्याच्या खाली थोड्या महाग पॉलिसीसाठी रिकामी जागा. टिक खोडायची मुभा होती, पण ती तळाशी बारीक अक्षरांत, इंग्रजीत.

ही योजना समजवायला इंदूरहून एक साहेब आले होते. मी तेव्हा ऑफिसातल्या कपाटाचं कुलूप दुरुस्त करत खाली बसलो होतो. साहेब हसतमुख होते, बोलणं गोड.

"मॅडम, लोग छपा हुआ निशान बदलते नहीं. आलस है, डर है. हम उसी आलस से उनका भला करवा रहे हैं."

"तो उनको बता दें, साहब? कि निशान हमने लगाया है, और क्यों लगाया है?"

"बता देंगे तो असर क्या रहेगा?"

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "पहला निशान तो उनके भले का है. और ये दूसरा? सस्तीवाली पॉलिसी, जिसमें माँ-बाप नहीं हैं. ये किसका भला है?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना मी वाईट म्हणत नाही. पहिली टिक खरंच चांगली होती. पण दोन्ही टिका एकाच शाईत छापलेल्या. कुठली आपल्यासाठी आणि कुठली कंपनीसाठी, हे आमच्यासारख्याला कसं कळावं?

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी एकेकाला बोलावलं. दुपारपर्यंत रांग व्हरांड्याबाहेर गेली. सुपरवायझर तिवारीजी करवादले, "मेश्रामजी, सही लेनी है कि स्कूल खोलना है?"

"दोनों, तिवारीजी. आप भी बैठिए, आपने भी कहाँ पढ़ा है!" रांग खदखदून हसली.

माझी पाळी आली. हात सहीच्या जागेवर. बाईंनी पहिला चौकोन समजावला आणि म्हणाल्या, "माह्यं मत विचारशील तर ठेव. पण घाम तुहा, मर्जी तुही."

मी टिक खोडली. वाढीतला सगळा पैसा गावी आईला हवा होता, म्हातारपण लांब वाटत होतं. बाईंचा चेहरा जरासा उतरला, पण पेन त्यांनीच माझ्या हातात दिलं. मला सुटल्यासारखं झालं. आता सही करून पळावं म्हणून वाकलो, तर हात अजून तिथेच.

"थांब. दुसरा राहिला. घरी कोण आहे तुह्या?"

"आई."

"छापलेल्या टिकेत आई नाही. खालच्या पॉलिसीत आहे, पण तिचे पैसे थोडे जास्त कटतील. आता सांग मले, काय करून राहिला तू?"

मी अडखळत, आयुष्यात पहिल्यांदा, एका कागदाचा अर्थ मोठ्यानं सांगितला. मग टिक खोडून खाली केली. हात उठला.

त्या रांगेतल्या पुष्कळांनी दुसरी टिक बदलली. महाग पॉलिसीत कंपनीलाही आपला वाटा भरावा लागे; तिचा खर्च वाढला असावा, कारण दोन महिन्यांत बाईंची बदली स्टोअरला झाली. नटबोल्टांच्या पेट्यांत बसून त्या म्हणायच्या, "चलो, इथं कोणी सही न वाचता करत नाही. खिळे मोजूनच नेतात."

पुढच्या वर्षी आई गावच्या विहिरीवर घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं. मी तिला जबलपूरला आणलं, ऑपरेशन झालं. दवाखान्याच्या खिडकीवर कार्ड दिलं, आतल्या माणसानं नावं पाहिली आणि म्हणाला, "हाँ, माताजी का नाम है." त्या चार शब्दांनी... पाच असतील, मी मोजले नाहीत. मी तिथेच फरशीवर बसलो. आई आज काठी घेऊन चालते.

पेन्शनचं मात्र माझं चुकलं. बाई स्टोअरमधून दर वर्षी पगारवाढीच्या महिन्यात मला बोलावून एवढंच विचारत, "पहिल्या चौकोनाचं काय करून राहिला?" जोर नाही, टोमणा नाही. तिसऱ्या वर्षी मी स्वतः टिक केली. तेव्हा थोडं रागानंच म्हणालो, "बाई, पहिल्याच वेळी जबरदस्ती केली असती तर माझी दोन वर्षं वाचली असती."

बाई सुपारी कातरत होत्या. "तुले पहिली टिक खोडू दिली म्हणून तू दुसरीच्या वेळेस थांबला. नाहीतर म्हणला असता, ही बाईही कंपनीचीच. आन् मग तुही आई?"

 

बाई आता निवृत्त होऊन महाराजपुरात बहिणीकडे राहतात. काचबिंदूनं नजर कमी होत चालली आहे. रविवारी मी जातो. मागच्या रविवारी बँकेचा कसला तरी कागद आला होता. बाईंनी तो डोळ्यांशी नेला, लांब धरला आणि हसत म्हणाल्या, "कुठं करायची सही, तेवढं बोट ठेव." कागद इंग्रजीत होता. मला अर्धाच कळला. मी बोट ठेवलं नाही. शेजारच्या मास्तरांना बोलावून आणलं, पण माझी मान खाली गेली.

मी यंदा दहावीच्या परीक्षेला बाहेरून बसतो आहे. इंग्रजीत दोनदा नापास झालो, तिसऱ्यांदा बसेन. बाई, तुम्हाला हे कोणी वाचून दाखवेल, तेव्हा ऐका: एक दिवस तुमच्याकडे येणारा प्रत्येक कागद मी वाचून दाखवीन. आणि त्यात काय आहे ते तुम्ही तुमच्या शब्दांत सांगेपर्यंत सहीच्या जागेवरचा माझा हात उचलणार नाही.