भाईच्या चालीचा माणूस

मी सौदीला निघाले त्या सकाळी भाईनं माझी बॅग खांद्यावर टाकली आणि बंदरापासून एसटी स्टँडपर्यंत माझ्यापुढे चालत राहिला. डावा पाय किंचित ओढत, झपाझप. अम्मी दारातूनच म्हणाली होती, "पोचलीस की फोन कर गो." गाडी सुटेपर्यंत भाई खिडकीखाली उभा होता.

तुमच्यापैकी जे गावात राहिलेत, त्यांना पुढचं माहीत आहे. दोन वर्षांनी त्याची होडी उलटली. बाकीचे सापडले, भाई नाही. माझा इकामा, तिथं राहण्याचा परवाना, तेव्हा नूतनीकरणात अडकला होता, मला निघता आलं नाही. अम्मीनं जनाज्याची नमाज होऊ दिली नाही. "माझा मुलगा कुठल्या तरी किनाऱ्याला लागला असेल," ती म्हणाली. पुढे दर फोनवर विचारायची, "कुठं दिसला का गो?" मी म्हणायची, "बघतेय, अम्मी."

आणि मी खरंच बघायची. आधी जेद्दाच्या मासळीबाजारात, मग नवऱ्याची बदली झाल्यावर अबकैकला, त्याच्या तेलाच्या प्लांटच्या बसमधून उतरणाऱ्या माणसांत. तुमच्यापैकी जे बाहेर पडलेत, त्यांना हे कळेल. आपण ज्यांच्या मातीला गेलो नाही, ती माणसं आपल्यासाठी मरत नाहीत.

गेल्या वर्षी नवऱ्याला ट्रेनिंगसाठी उत्तर स्पेनला पाठवलं. मी आणि लेक सोबत गेलो. ते एक लहानसं मासेमारीचं बंदर होतं. थंडी वेगळी, भाषा वेगळी, पण धक्क्यावर पाय ठेवला आणि तोच वास आला. आपल्या मांदेलीएवढी चांदीसारखी मासळी क्रेटमधून उतरत होती. बायका जमिनीवर बसून जाळी सांधत होत्या.

तेवढ्यात पिवळ्या रबरी एप्रनमधला एक माणूस दोरखंड खांद्यावर घेऊन निघाला. डावा पाय किंचित ओढत, झपाझप.

मी धावले. लेक मागून ओरडत होती, "मम्मा, व्हेअर आर यू गोइंग?" मी हाक मारली, "भाई!"

तो वळला. साठीचा, निळ्या डोळ्यांचा म्हातारा. माझा चेहरा बघून त्यानं दोरखंड खाली ठेवला. बाजूच्या भिंतीवर समुद्रात गेलेल्यांची नावं कोरली होती. त्यानं एका नावावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर. त्याचंही कुणी समुद्रात गेलं होतं, एवढं मला कळलं. तो तिथंच उभा राहिला, मी रडून होईपर्यंत.

दुपारी अम्मीला फोन लावला. म्हटलं, "अम्मी, भाई आता येणार नाही."

मग ती म्हणाली, "मला ठाऊक आहे गो. पहिल्याच पावसाळ्यात कळलं होतं."

"मग विचारायचीस कशाला?"

"तू तिथं परक्या मुलखात. तुला येता आलं नाही. म्हटलं, तुझ्यासाठी तरी तो जिवंत राहू दे."

पुढच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो. मशिदीत भाईची गायबाना नमाज झाली, देहाशिवायची. अम्मी ओसरीवर बसून होती, मी तिच्या मांडीला टेकून.

आता अबकैकहून फोन केला की अम्मी कधी मोकळी रडते, कधी मी. मग नाक पुसून ती विचारते, पोरीची परीक्षा कशी झाली. इतकी वर्षं मी गावाला फोन करत होते. आता घरी करते.